चरबीच्या गाठोड्यातला विषाणू

समजा, खर्ड्याच्या शाळेत एका रविवारी आरोग्य तपासणीचे शिबिर भरले आहे. पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ रक्ततपासणीचा कागद हातात घेऊन विज्ञानाच्या गुरुजींकडे येतात. कागदावर एकूण कोलेस्टेरॉल दर १०० मिलिलिटरला १०८ मिलिग्रॅम आहे. ज्याला ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणण्याची पद्धत पडली आहे ते एल.डी.एल. अवघे ४५. गृहस्थ खूश आहेत. “गुरुजी, तेलतूप काही सोडलेलं नाही, तरी बघा!” गुरुजीही मान डोलावतात. त्याच कागदावर खाली आणखी एक आकडा आहे. एस.जी.पी.टी. ८२, आणि त्याच्यापुढे वर जाणारा बाण. त्याच्याकडे कोणाचेच लक्ष गेलेले नाही.

गृहस्थ आणि आकडे कल्पित आहेत, पण असा कागद कोणाच्याही हाती पडू शकतो. कोलेस्टेरॉल कमी म्हणजे प्रकृती उत्तम, हे समीकरण आपल्या मनात इतके पक्के झाले आहे की कमी आकडा पाहून कोणी ‘का?’ असे विचारत नाही. पहिले दोन आकडे कमी आणि तिसरा जास्त, याचे कारण एकच असू शकते, ते म्हणजे यकृतात वर्षानुवर्षे मुक्काम ठोकून बसलेला हेपॅटायटिस ‘सी’चा विषाणू. (एस.जी.पी.टी. हे यकृताच्या पेशींतले एक विकर. पेशींना इजा झाली की ते रक्तात उतरते.) कावीळ आणि कोलेस्टेरॉल यांचा हा संबंध कळायला शास्त्रज्ञांना बरीच वर्षे लागली. तो कसा कळत गेला, त्याची ही हकीकत.

आधी यकृताचे एक काम समजून घेऊ. तेल पाण्यात विरघळत नाही, हे पाचवीतला मुलगाही सांगतो. रक्त म्हणजे बहुतांशी पाणीच. मग चरबी रक्तातून वाहून न्यायची कशी? यकृत तिची गाठोडी बांधते. गाठोड्याच्या आत ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉल, बाहेर फॉस्फोलिपिडचे पातळ वेष्टन आणि वेष्टनावर प्रथिने, अशी ही रचना असते. तिला मेदप्रथिन म्हणतात. यातले ‘अपो-बी’ नावाचे एक लांबलचक प्रथिन गाठोड्याभोवती दोरीसारखे गुंडाळलेले असते. एका गाठोड्याला एकच दोरी. या दोरीवर चरबी चढवणारा हमालही पेशीत असतो. एम.टी.पी. या नावाचे हे प्रथिन काम करीनासे झाले तर गाठोडे बांधले जात नाही आणि चरबी यकृतातच पडून राहते. हमालाचे नाव लक्षात ठेवावे, पुढे त्याची गाठ पडणार आहे.

यकृतातून निघते ते गाठोडे मोठे आणि अतिशय हलके असते (व्ही.एल.डी.एल.). वाटेत स्नायू आणि मेदपेशी त्यातले ट्रायग्लिसराइड काढून घेतात. मग उरते ते लहान, कोलेस्टेरॉलने भरलेले गाठोडे म्हणजे एल.डी.एल. ते पेशीत शिरते ते एका ठरावीक दारातून. हे दार अमेरिकेत डलास येथे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी १९७० च्या दशकात शोधले आणि १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळवले. या दोघांची नावे आपल्या कथेत आणखी एकदा येतील.

आता काविळीकडे वळू. सुईतून कावीळ पसरते हे प्रथम लक्षात आले जर्मनीतील ब्रेमेन येथे. तेथील जहाजबांधणी कारखान्यातील १,२८९ कामगारांना १८८३ मध्ये देवीची लस टोचली गेली. ती माणसाच्या फोडातील लशीपासून तयार केलेली होती. पुढील काही महिन्यांत त्यांपैकी १९१ जणांना कावीळ झाली. लस न टोचलेले कामगार मात्र सुटले. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकी सैनिकांना दिलेल्या पीतज्वराच्या लशीत मानवी रक्तद्रव मिसळलेला होता. त्यातून सुमारे ५० हजार सैनिकांना कावीळ झाली. या दोन्ही प्रसंगांचा गुन्हेगार बहुधा ‘सी’ नव्हे, ‘बी’ विषाणू होता. दुसऱ्या प्रसंगाच्या बाबतीत तर अनेक वर्षांनी त्या सैनिकांचे रक्त तपासून तसे सिद्धच झाले. पण काविळीचा एक प्रकार रक्ताबरोबर प्रवास करतो, ही गोष्ट या घटनांनी शिकवली.

‘बी’ विषाणूची खूण बारूख ब्लुमबर्ग यांना १९६५ च्या सुमारास सापडली. ‘ए’ विषाणू १९७३ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. आता रक्त चढवल्यानंतर होणाऱ्या काविळीचे कोडे सुटले, असे वाटले. हार्वे आल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत जपून ठेवलेले नमुने तपासले, तेव्हा बहुसंख्य रुग्णांच्या रक्तात ‘ए’ही नव्हता आणि ‘बी’ही नव्हता. १९७५ मध्ये त्यांनी तसे प्रसिद्ध केले. आजाराला नाव काय द्यायचे? ‘ए-नव्हे-बी-नव्हे’ कावीळ! नाव नसलेल्या मुलाला ‘धाकटा’ म्हणावे तसा हा प्रकार, पण तो चौदा वर्षे चालला.

आपल्याकडेही एक ‘ए-नव्हे-बी-नव्हे’ कावीळ होती. ती मात्र वेगळी. दिल्लीत १९५५-५६ च्या हिवाळ्यात यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरून २९ हजारांवर लोकांना कावीळ झाली. त्या साथीतले जपून ठेवलेले रक्तनमुने १९८० च्या सुमारास तपासले, तेव्हा तेथेही ‘ए’ आणि ‘बी’ दोन्ही निर्दोष निघाले. तो होता आज ‘ई’ म्हणून ओळखला जाणारा विषाणू. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत (१९५२ मध्ये ती विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली) या ‘ई’वर डॉ. विद्या अरणकल्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुष्कळ काम केले आहे. वर्गात हा फरक अवश्य सांगावा, कारण गावात ‘कावीळ’ हा एकच शब्द सगळ्यांना पुरतो. पावसाळ्यात गढूळ पाण्यातून येणारी कावीळ ‘ए’ किंवा ‘ई’ची. ती डोळे पिवळे करते, माणसाला आडवे करते आणि बहुधा निघून जाते. रक्तातून येणारी ‘सी’ची कावीळ बहुतेकांत डोळे पिवळेही करीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ३० टक्क्यांच्या आसपास लोक सहा महिन्यांत आपोआप बरे होतात. बाकीच्यांत विषाणू घर करतो आणि वीसेक वर्षांत त्यांतल्या १५ ते ३० टक्के लोकांचे यकृत निबर होण्याचा, म्हणजे सिरोसिसचा, धोका असतो. उतरवून घेतलेली कावीळ आणि झाडपाल्याचे औषध यांना यश येताना दिसते ते पहिल्या प्रकारात. मुळात आपणहून बरे होणाऱ्या आजाराचे श्रेय कोणीही घ्यावे!

‘सी’ विषाणू सापडत नव्हता. तो सूक्ष्मदर्शकात दिसत नव्हता आणि प्रयोगशाळेतील पेशींत वाढतही नव्हता. मग त्याच्याविषयी काही जाणायचे कसे? येथे चरबी प्रथम कथेत येते. फाइनस्टोन आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये एक साधा विचार केला. क्लोरोफॉर्म चरबी विरघळवतो. रोगकारक रक्तद्रव क्लोरोफॉर्मने धुतला आणि त्याची रोग देण्याची शक्ती नाहीशी झाली, तर विषाणूला चरबीचे आवरण असले पाहिजे. तसेच झाले. चिंपांझींना धुतलेल्या द्रवाने रोग झाला नाही. न पाहिलेल्या शत्रूच्या अंगरख्याचे कापड कळले! विद्यार्थ्यांना वैज्ञानिक अनुमान म्हणजे काय हे सांगायला मला याहून चांगले उदाहरण आठवत नाही. (साबण आणि पाण्याने काही विषाणू का निकामी होतात, हेही याच धड्यात येते.)

पुढे कायरॉन या कंपनीत मायकेल हॉटन, क्वी-लिम चू आणि जॉर्ज क्वो यांनी डॅनियल ब्रॅडली यांच्याकडून आलेल्या चिंपांझीच्या रक्तद्रवातून जनुकांचे लाखो तुकडे जीवाणूंत वाढवले आणि रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडे त्यातल्या कोणत्या तुकड्याच्या प्रथिनाला चिकटतात ते शोधले. गवताच्या गंजीतली सुई शोधावी तसे ते काम होते. अखेर एक तुकडा सापडला आणि १९८९ मध्ये विषाणूला ‘सी’ हे नाव मिळाले. विषाणू अजूनही कोणी पाहिला नव्हता, तरी त्याची कुंडली हाती आली होती. वर्षभरातच रक्ताची चाचणी तयार झाली. आल्टर, हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले ते या साऱ्या कामासाठी.

आता विषाणूचे वजन करता येऊ लागले, आणि तेथे नवे कोडे उभे राहिले. पदार्थाची घनता मोजण्याची एक रीत म्हणजे खाली दाट आणि वर पातळ होत जाणाऱ्या साखरेच्या द्रावणात तो टाकून वेगाने फिरवणे. जो तो आपापल्या घनतेच्या थरात थांबतो. दूध तापवून ठेवल्यावर साय वर येते, त्यातलेच हे तत्त्व. ‘सी’ विषाणू मात्र एका थरात सापडेना. काही कण त्याच्या जातभाईंप्रमाणे खाली, तर काही थेट सायीबरोबर वर. आणि संसर्ग घडवण्यात हे वर तरंगणारे कणच जास्त तरबेज! जर्मनीत ग्योटिंगेन येथे थॉमसेन आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये रुग्णाच्या रक्तद्रवात अपो-बीवर, म्हणजे गाठोड्याच्या दोरीवर, पकड घेणारी प्रतिपिंडे घातली. दोरीबरोबर विषाणूही खाली बसला. म्हणजे विषाणू सुटा फिरत नव्हता, तो चरबीच्या गाठोड्याला बांधलेला होता. फ्रान्समध्ये ल्यों येथे आंद्रे आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हे कण वेगळे काढून त्यांत ट्रायग्लिसराइड, अपो-बी आणि अपो-ई असल्याचे दाखवले. अर्धा विषाणू, अर्धे मेदप्रथिन असा हा जोडकण.

खर्ड्याच्या वाचकांना येथे एक गोष्ट सहज पटेल. ११ मार्च १७९५ च्या लढाईनंतर निजाम अली खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला आणि तेथेच कोंडला गेला. शत्रू कोठे आहे हे सर्वांना ठाऊक होते. वेढा घालून बसले की काम झाले, आणि थोड्याच दिवसांत त्याला मराठ्यांच्या अटी मान्य कराव्या लागल्या. हाच शत्रू धान्याची पोती वाहणाऱ्या हमालाच्या वेषात छावणीतूनच हिंडत राहिला असता तर? आपल्या रक्तातल्या प्रतिपिंडांची हीच पंचाईत होते. विषाणूच्या अंगावर आपल्याच यकृताची गाठोड्याची प्रथिने आहेत, त्यांवर हल्ला करायचा नाही हे तर शरीराचे मूळ शिस्तपत्रक! (विषाणू आपले रूपही झपाट्याने बदलतो. लस अजून तयार झालेली नाही, त्यामागे ही दोन्ही कारणे आहेत.)

वेषांतराचा दुसरा फायदा दाराशी. अग्नेलो आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवले की ब्राउन-गोल्डस्टाइन यांच्या एल.डी.एल.च्या दाराशी हा विषाणू येतो. एकट्या त्या दाराने मात्र भागत नाही. १९९८ पासून पुढे सापडत गेलेल्या कड्या-कुलपांची यादी लांब आहे. तीतली दोन चरबीशीच संबंधित आहेत. एक ‘चांगले’ म्हणवले जाणारे एच.डी.एल. पेशीला जेथे भेटते ती जागा, आणि दुसरी कोलेस्टेरॉल शोषून घेणारे एक प्रथिन. चरबीचा व्यवहार जेथे जेथे चालतो, तेथे तेथे हा पाहुणा उभा.

आत शिरल्यावर तो काय करतो? हे पाहायला विषाणू प्रयोगशाळेत वाढवता यायला हवा होता. ते २००५ मध्ये जमले, एका जपानी रुग्णाकडून मिळालेल्या वाणामुळे. यकृताच्या पेशीत चरबीचे बारीक थेंब असतात, आपण डब्यात तेल साठवतो तसे. जपानी संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले की विषाणूची जुळणी या थेंबांच्या अंगाशीच होते. विषाणूचे गाभ्याचे प्रथिन थेंबावर जाऊन बसते आणि बाकीचे भाग तेथे गोळा होतात. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट पुढे आली. यकृताची व्ही.एल.डी.एल. बांधणी थांबवली तर विषाणूही बाहेर पडत नाही. गाठोडी ज्या गाडीतून जातात, त्याच गाडीने हाही जातो.

आणि आता आपला हमाल. पॅरिसमधील पेर्लम्युटेर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये उंदरांवर काम करून दाखवले की विषाणूचे गाभ्याचे प्रथिन एम.टी.पी.चे काम मंदावते. दोरीवर पुरेशी चरबी चढत नाही. गाठोडी कमी आणि किरकोळ बाहेर पडतात. म्हणून रक्तातले कोलेस्टेरॉल आणि एल.डी.एल. उतरते, आणि न पाठवलेला माल गोदामात साठतो. यकृतात चरबी जमते. शिबिरातल्या कागदावरचा १०८ हा आकडा गृहस्थांच्या पथ्याचा नव्हे, तुंबलेल्या गोदामाचा असू शकतो.

पण येथे एक रास्त शंका निघते. यकृतात चरबी काय फक्त विषाणूमुळे साठते? मधुमेह, लठ्ठपणा, दारू यांनीही साठते. मग दोष विषाणूचा हे कशावरून? याचे उत्तर औषधांनी दिले. ‘सी’ विषाणूचे अनेक जनुकप्रकार आहेत. त्यांपैकी तिसऱ्या प्रकारात यकृतातली चरबी सर्वांत जास्त आणि कोलेस्टेरॉल सर्वांत कमी आढळते. इंटरफेरॉनच्या उपचाराने विषाणू गेला तेव्हा तिसऱ्या प्रकारच्या रुग्णांच्या यकृतातली चरबीही ओसरली आणि रक्तातले कोलेस्टेरॉल वर आले. पहिल्या प्रकारच्या बऱ्याच रुग्णांत विषाणू गेला तरी चरबी राहिली, कारण ती त्यांच्या वजनाची आणि साखरेची होती. कारण काढून घ्या आणि परिणाम जातो का पाहा, हीच ती कसोटी. आपल्या देशात सर्वाधिक आढळतो तो हा तिसरा प्रकार. म्हणून हा विषय आपल्याला परका नाही.

ब्राउन आणि गोल्डस्टाइन पुन्हा भेटतात ते २००३ मध्ये. पेशीत कोलेस्टेरॉल तयार होण्याची जी लांब साखळी आहे, तिच्या मधल्या एका फाट्यावर एक जोडपदार्थ तयार होतो. विषाणूला आपल्या प्रती काढायला तो लागतो, असे त्यांच्या गटाने दाखवले. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन जातीच्या औषधाने साखळी वरच अडवली, तर प्रयोगशाळेतील पेशींत विषाणूची वाढ रोखली गेली. माणसांत केवळ त्या औषधाने आजार बरा झाला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण विषाणू आपल्या चरबीच्या कारखान्यावर किती अवलंबून आहे ते त्यातून कळले.

आणखी एक गंमत, खरे तर गंमत नव्हे. कोलेस्टेरॉल इतके कमी, म्हणजे हृदयविकारापासून तरी हे लोक सुरक्षित असतील? तसे दिसत नाही. अनेक अभ्यासांत या रुग्णांत हृदयविकाराचे प्रमाण उलट जास्त आढळले. शरीरात सतत धुमसणारा दाह आणि इन्सुलिनला न जुमानणाऱ्या पेशी, ही त्याची कारणे मानली जातात.

विषाणू शरीरात येतो कोठून? रक्तातून. भारतात दात्याच्या रक्ताची ‘सी’साठी तपासणी सक्तीची झाली ती या शतकाच्या आरंभी. त्याआधी ज्यांना वारंवार रक्त घ्यावे लागे, त्या थॅलसीमियाच्या मुलांना याचा मोठा फटका बसला. दुसरी वाट सुईची. इजिप्तमध्ये १९५० ते १९८० च्या दशकांत बिल्हार्झिया या कृमिरोगावर सरकारी मोहिमेत लाखो लोकांना इंजेक्शने दिली गेली. सुया त्याच त्या, नीट न उकळलेल्या. हेतू उत्तम होता. त्यातून त्या देशात ‘सी’ची जगातली एक सर्वांत मोठी साथ उभी राहिली. आपल्याकडे काचेची पिचकारी आणि स्पिरिटचा दिवा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना वेगळे सांगायला नको. ‘डॉक्टर, एक सुई टोचाच’ हा हट्टही आपलाच. या शतकाच्या पहिल्या दशकात देशभर झालेल्या एका मोठ्या पाहणीत साठ टक्क्यांहून अधिक इंजेक्शने असुरक्षित आढळली होती.

खर्डा ज्या तालुक्यात आहे, त्या जामखेडमध्ये १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावानेच निवडलेली, पुष्कळदा अक्षरओळखही नसलेली बाई हीच त्या गावाची आरोग्य कार्यकर्ती, ही त्यातली मुख्य कल्पना. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये तिची दखल घेतली आणि १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. प्रकल्प सुरू झाला तेव्हा ‘सी’ विषाणूचे नावही जगात नव्हते. पण पाणी, आहार आणि बाळंतपण यांबद्दलचे ज्ञान शेजारणीच्या तोंडून घरात पोचले की ते टिकते, हे त्या गावांनी दाखवले. सुई कोणाची, पाकीट समोर फोडले का, हा प्रश्न दवाखान्यात विचारण्याची सवयही तशीच लागते. न्हाव्याचे पाते, जत्रेतले गोंदण, कान टोचण्याची सुई, यांनाही तोच प्रश्न.

आता आपल्या गृहस्थांकडे परत जाऊ. एस.जी.पी.टी.वरचा बाण गुरुजींच्या नजरेस पडला, त्यांनी डॉक्टरांकडे पाठवले आणि ‘सी’ची चाचणी होकारार्थी आली असे धरू. पंधरा वर्षांपूर्वी ही बातमी जड होती. इंटरफेरॉनची इंजेक्शने अनेक महिने घ्यावी लागत. अशक्तपणा, ताप, खिन्नता सोसावी लागे आणि तरीही खात्री नसे. सोफॉसबुव्हिर हे तोंडाने घ्यायचे औषध अमेरिकेत २०१३ च्या अखेरीस मान्य झाले आणि भारतात त्याच्या स्वस्त गोळ्या २०१५ पासून मिळू लागल्या. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि या गोळ्या मोफत आहेत. यकृत निबर झालेले नसेल तर बहुधा बारा आठवड्यांचा उपचार पुरतो आणि शंभरातले ९५ हून अधिक रुग्ण बरे होतात.

गोळ्या संपून तीन महिने झाले की पुन्हा रक्त तपासतात. गृहस्थांच्या रक्तात विषाणू नाही, एस.जी.पी.टी. खाली आले आहे. फक्त कोलेस्टेरॉल १०८ वरून १७० वर गेले आहे आणि ते घाबरून कागद घेऊन पुन्हा शाळेत आले आहेत. गोळ्यांनी चरबी वाढवली अशी त्यांची तक्रार आहे. गुरुजींनी त्यांना फळ्यापाशी नेऊन गाठोडे, दोरी आणि हमाल काढून दाखवावा. गोदामाचे दार उघडले आहे आणि अडकलेला माल आता रस्त्याला लागला आहे, एवढेच घडले आहे. यापुढे तेलतुपाचा हिशेब मात्र त्यांना गावातल्या इतर लोकांसारखाच ठेवावा लागेल.